बिडी-सिगारेट सुटत नाही? सरकारी दवाखान्यात मदत मिळते. कुठं जायचं, तिथं काय होतं, सविस्तर माहिती

बिडी सोडायची असं ठरवलेली माणसं गावोगाव सापडतील. कुणी वारीहून आला की माळ घालतो आणि उरलेलं बंडल चुलीत टाकतो. कुणी श्रावण पाळतो. कुणी नातवाच्या बारशाला शपथ घेतो. त्यातले बरेच जण महिना-दोन महिन्यांत पुन्हा टपरीवर दिसतात. मग पारावरची मंडळी विचारतात, "काय तात्या, सुटली म्हणत होता ना?" तात्या हसून वेळ मारून नेतात, पण पुढं कधी सोडायचं नाव काढत नाहीत.

यातल्या बहुतेकांनी एक गोष्ट केलेली नसते. त्यांनी दवाखान्यात जाऊन विचारलेलं नसतं. कांद्यावर करपा आला तर माणूस पात तोडून कृषी सेवा केंद्रात नेतो आणि कोणतं औषध, किती पाण्यात, हे विचारून येतो. गाय चारा खात नसेल तर डॉक्टरला फोन लावतो. बिडीच्या बाबतीत मात्र "ते आपल्या मनावर असतं" म्हणून विषय मिटवला जातो. निश्चय लागतोच, पण नुसत्या निश्चयावर बिडी सुटणं अवघड का असतं, हे समजून घेतलं तर दवाखान्याची पायरी चढायला लाज वाटायचं कारण उरत नाही.

मनाचा कमकुवतपणा नव्हे

बिडीचा झुरका घेतला की त्यातलं निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि तिथून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचतं. शिरेतून दिलेलं इंजेक्शनसुद्धा यापेक्षा फार लवकर पोहोचत नाही. मेंदूला रोज असा पुरवठा झाला की त्याची सवय लागते आणि त्याशिवाय चैन पडत नाही. झोपेत सात-आठ तास पुरवठा बंद राहतो, म्हणून सकाळी डोळे उघडल्याबरोबर हात उशाखालच्या बंडलाकडे जातो. ज्याला उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागते त्याची सवय जास्त घट्ट, असं डॉक्टर मानतात.

बिडी बंद केल्यावर चिडचिड, झोप न लागणं, डोकं जड होणं, कामात लक्ष नसणं, सारखं खायला मागणं हे त्रास होतात. पहिले दोन-तीन दिवस त्यांचा जोर सर्वात जास्त असतो. साधारण दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतात. आता श्रावणाचा हिशेब बघा. जो पूर्ण श्रावण पाळतो, त्यानं शरीराच्या दृष्टीनं सर्वात कठीण काळ ओलांडलेला असतो. भाद्रपदात तो परत ओढायला लागतो ते पहिल्या दिवसांच्या त्या तडफडीमुळं नव्हे. जुनी सवय, जुनी संगत आणि "महिना तर काढला, आता एक ओढली तर काय होतंय" हा विचार, हे तिघं मिळून त्याला परत नेतात. अशा माणसाला मदतीची गरज आहे ती तिथून पुढं, आणि नेमकी तिथंच त्याला कुणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, कुठल्याही मदतीशिवाय तंबाखू सोडायला निघालेल्यांपैकी सुमारे ४ टक्के लोकांनाच यश येतं. समुपदेशन आणि औषध यांची जोड मिळाली तर ही शक्यता दुपटीहून जास्त वाढते. शंभरातल्या चौघांनाच जमतं, त्यात आपण नसलो तर त्याची लाज कसली?

सोडायची इच्छा नाही असंही नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक सोडायच्या विचारात होते. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू, गुटखा, मिश्री असे बिनधुराचे प्रकार वापरणारे २४.४ टक्के निघाले. म्हणजे आपल्याकडं ओढणारे कमी आणि मळणारे फार. म्हणून "बिडी सोडली, आता फक्त तंबाखू खातो" याला सोडणं म्हणता येणार नाही. निकोटिन तेच, फक्त वाट बदलली, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका पदरात पडला.

बिडी हलकी, हा गैरसमज

सिगारेट शहरातल्या लोकांची आणि बिडी आपली, पानाची, त्यामुळं कमी घातक, असं जुनी माणसं सांगतात. सिन्नर-संगमनेर पट्ट्यात घरोघरी बायकांनी बिड्या वळून संसार चालवले, त्यामुळं या भागात बिडीबद्दल एक आपलेपणाही आहे. पण तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं हवा आत घेत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि पटापट मारावे लागतात. तिला फिल्टर नसतो. तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीनं, काही वेळा जास्तही, छातीत जातं. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळं "ती ओढून ही सोडतो" हा मार्ग कुणी सुचवत असेल तर ऐकू नये.

कुठं जायचं

सर्वात जवळचं माणूस म्हणजे गावातली आशा ताई. तिशीच्या पुढच्या लोकांचा जो फॉर्म ती घरी येऊन भरून घेते, त्यात बिडी-तंबाखूचा प्रश्न असतोच. बहुतेक पुरुष त्या वेळी "नाही हो, कधीतरी" असं सांगून मोकळे होतात, आणि बायको आतून बघत असते. खरं सांगितलं तर दंड होत नाही, गावात नावही जाहीर होत नाही. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ते बीपी-शुगर तपासतात, सोडण्याविषयी सल्ला देतात आणि गरज असेल तर पुढं पाठवतात.

त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय. तिथल्या डॉक्टरला "मला बिडी सोडायचीय, त्यासाठी आलोय" एवढं एक वाक्य स्पष्ट बोलायचं. खोकल्याचं औषध घ्यायला गेलेला माणूस हे सांगत नाही आणि गर्दीत डॉक्टरही विचारत नाही, असंच बहुतेकदा होतं. विषय आपण काढला की मार्ग निघतो.

जिल्हा पातळीवर राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम चालतो. तो केंद्र सरकारनं २००७-०८ मध्ये सुरू केला. त्याखाली जिल्हा रुग्णालयात तंबाखू मुक्ती केंद्र असतं. केस पेपर काढताना तेच नाव सांगून खोली विचारावी. खोली सापडली नाही तर दंत विभागात किंवा मानसोपचार विभागात विचारावं, तिथल्यांना नक्की माहिती असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळं खर्च होतो तो एस.टी.च्या तिकिटाचा आणि बुडालेल्या मजुरीचा.

मजुरी बुडवणं परवडत नसेल तर फोन आहे. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सकाळी ८ ते रात्री ८ ही वेळ, सोमवारी सुट्टी. हा नंबर २०१६ मध्ये सुरू झाला आणि २०१८ पासून पाकिटावरच छापलेला असतो. बंडलावरचं चित्र बघायला नको म्हणून माणसं ते उलटं धरतात, त्यामुळं नंबरही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. पलीकडचा समुपदेशक नाव, वय, किती ओढता, कधीपासून, आधी सोडायचा प्रयत्न केला होता का, हे विचारतो. सोडायची तारीख ठरवून देतो. पुढं तिकडूनच खुशालीचा फोन येतो, तो अनोळखी नंबर म्हणून कापू नये.

याशिवाय ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की सरकारच्या एम-सेसेशन उपक्रमाचे मेसेज मोबाइलवर येतात. वाचायची सवय असलेल्या तरुणांना ते उपयोगी पडतात. सोडल्यावर मन फार उदास झालं, घाबरल्यासारखं वाटलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो.

तिथं काय होतं

इंजेक्शन देतील, रागावतील, ॲडमिट करतील, अशी भीती असते. असं काही होत नाही. बिडी-सिगारेट सोडायला भरती व्हावं लागत नाही. पहिल्या भेटीत गप्पाच जास्त होतात. सहा साधे प्रश्न विचारून सवय किती घट्ट आहे ते मोजतात. काही ठिकाणी एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला लावतात. श्वासात कार्बन मोनॉक्साइड किती आहे तो आकडा त्यावर दिसतो. बिडी बंद केल्यावर साधारण १२ तासांत रक्तातलं हे प्रमाण उतरून नेहमीसारखं होतं, म्हणून पुढच्या भेटीत तोच आकडा खाली आलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. ज्यानं एकदा हा आकडा उतरलेला पाहिला, त्याला हुरूप येतो.

मग तारीख ठरते, शक्यतो पुढच्या दोन आठवड्यांतली. इथं शेतकऱ्यानं आपला हंगाम डॉक्टरला सांगावा. कांदा काढणीच्या ऐन धांदलीत, द्राक्षाचा व्यवहार अडकलेला असताना किंवा घरात लग्न असताना तारीख घेतली तर ती मोडणार, हे ठरलेलं आहे. त्याच वेळी "हंगाम उरकू द्या" म्हणून लांबणीवर टाकणाराचा हंगाम कधीच उरकत नाही, हेही तितकंच खरं.

समुपदेशकाचं खरं काम म्हणजे बिडी कधी-कधी लागते याची यादी काढणं. शेतकऱ्याची यादी कंपनीतल्या माणसापेक्षा वेगळी असते. रात्रीची लाइट आली की पाणी द्यायला जायचं, थंडीत बांधावर बसायचं, झोप घालवायला बिडी. बाजार समितीत ट्रॅक्टर रांगेत लावून लिलावाची वाट बघायची, तेव्हा बिडी. भाव पडला की बिडी, चांगला मिळाला तरी बिडी. चहाबरोबर, जेवणानंतर, बैलाला विसावा देताना. मजूर लावले की त्यांना बिडी-काडी द्यायची रीत, मग आपणही एक.

यातल्या प्रत्येक जागेला दुसरं काहीतरी बसवायचं असतं. रात्रीच्या पाण्याला जाताना खिशात बिडीऐवजी भाजलेले हरभरे किंवा बडीशेप. पहिले काही दिवस सोबतीला बिडी न ओढणारा भाऊबंद. चहा काही दिवस टपरीऐवजी घरी. तलफ आली की ती काही मिनिटं टिकते आणि ओसरते, तेवढा वेळ काढायचा: पाणी प्यायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, दारं मोडून यायचं, कुणाला तरी फोन लावायचा. माचिस आणि लायटर घरातल्या माणसाकडं देऊन टाकायचं.

एक अडचण लोक डॉक्टरपुढं बोलायला लाजतात. ती म्हणजे सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही. हे थोतांड नाही, निकोटिनमुळं आतड्याला चालना मिळते, त्यामुळं बंद केल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतं. केवळ या एका कारणानं कितीतरी जण चौथ्या दिवशी परत सुरू करतात. कोमट पाणी, पालेभाज्या, भाकरी, पेरू यांनी भागतं. नाही भागलं तर काही दिवसांपुरतं साधं औषध डॉक्टर देतात. फक्त तोंड उघडून सांगायला हवं.

दुसरी तक्रार खोकल्याची. "बिडी सोडली आणि खोकला वाढला, म्हणजे मला बिडीच मानवते." प्रत्यक्षात धुरानं थंडावलेली श्वासनलिकेची झाडलोट परत सुरू झालेली असते, म्हणून साचलेला कफ बाहेर पडतो. काही आठवड्यांत हे कमी होतं. पण खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, ताप आला, वजन घटलं किंवा थुंकीत रक्त दिसलं तर अंदाज न बांधता थुंकी तपासून घ्यावी. बिडी ओढणाऱ्याला टीबीचा धोका जास्त असतो आणि ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. ज्यांचे टीबीचे उपचार चालू आहेत त्यांनी तर बिडीबद्दल आरोग्य कर्मचाऱ्याला सांगितलंच पाहिजे.

गम, पट्टी आणि गोळ्या

सर्वांनाच औषध लागतं असं नाही. सवय घट्ट असेल तर डॉक्टर निकोटिनची गम किंवा अंगावर चिकटवायची पट्टी सुचवतात. "निकोटिन सोडायला निकोटिनच?" असा प्रश्न येतो. गममधून ते हळूहळू आणि कमी मात्रेत मिळतं, धूर, डांबर, कार्बन मोनॉक्साइड यातलं काही नसतं, आणि साधारण १२ आठवड्यांत मात्रा कमी करत बंद करायची असते. जागतिक आरोग्य संघटनेनं गम आणि पट्टी २००९ पासून आवश्यक औषधांच्या यादीत ठेवली आहे.

२ मिलिग्रॅमची गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमच्या गमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. गम फसते ती चघळायच्या पद्धतीमुळं. आपली माणसं ती च्युइंगगमसारखी भराभर चावतात, मग घशात जळजळ, उचकी, मळमळ सुरू होते आणि "आपल्याला नाही चालत" म्हणून पुडी फेकून देतात. ती सावकाश चावायची, तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायची. असं अर्धा तास. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, सोडा, लिंबूपाणी घ्यायचं नाही, नाहीतर निकोटिन नीट लागू पडत नाही.

ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्याही आहेत. त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या. तारखेच्या आधी एक-दोन आठवडे सुरू कराव्या लागतात. फिट येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याच्याकडच्या गोळ्या आणू नयेत. नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर गमसुद्धा विचारल्याशिवाय नको.

दम्यासाठी थियोफिलिनच्या गोळ्या चालू असलेल्यांनी बिडी बंद करताना डॉक्टरला आवर्जून सांगावं. बिडीच्या धुरामुळं हे औषध शरीरात लवकर संपतं. धूर बंद झाला की तोच डोस जास्त होऊ शकतो आणि धडधड, मळमळ सुरू होते. ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

बाजारात आणि मोबाइलवर "चहात चोरून टाका, आठ दिवसांत व्यसन गायब" अशा पावडरींच्या जाहिराती चालतात. पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही आणि न सांगता कुणाला औषध पाजणं धोक्याचं आहे. त्यात पैसे घालू नयेत. सरकारी सल्ला फुकट असताना तर नाहीच.

घरच्यांनी काय करायचं

टोमणे मारून बिडी सुटत नाही, उलट माणूस लपून ओढतो. पहिल्या दोन आठवड्यांतली चिडचिड घरानं झेलावी, पैशाचे आणि बांधाचे वाद त्या दिवसांत काढू नयेत. बिडीचा खर्च दिवसाला ३० रुपये धरला तरी वर्षाला १०,९५० रुपये होतात. काही जण रोज तेवढे पैसे डब्यात टाकतात, डबा भरताना दिसला की बळ येतं. दवाखान्यात जाताना बायको किंवा मुलगा सोबत असला तर समुपदेशक त्यांच्याशीही बोलतो. बिडी ओढणाऱ्या बायकाही आहेत, विशेषतः वयस्कर. त्यांना तर कुणी विचारतच नाही, त्यांच्यासाठी आशा ताईशी बोलणं सर्वात सोयीचं.

सत्तरीच्या माणसाला "आता सोडून काय उपयोग" असं म्हणायची पद्धत आहे. सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत निम्म्यावर येतो आणि दम लागणं वाढत जायचा वेग कमी होतो, हे उतारवयातल्या माणसालाही लागू आहे.

मध्येच एखादी ओढली गेली तर बंडल विकत आणायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा किंवा पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्रात जायचं. तिथली माणसं असं घडणार हे धरूनच चालतात. बहुतेकांना कायमची सुटण्याआधी दोन-चार वेळा प्रयत्न करावा लागलेला असतो, त्यामुळं "परत कसं तोंड दाखवू" असा संकोच नको. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आधीचे केस पेपर आणि दिवसाला किती बिड्या लागतात याचा खरा आकडा सोबत न्यावा. फोन करायचा तर सोमवार सोडून.